नवजात बाळाची तयारी: मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या सामानाच्या याद्या हल्ली लांबत चालल्या आहेत. वन बीएचकेत त्या मावत नाहीत, आणि मावल्या तरी पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळाला त्यातलं फारसं काही लागत नाही. आईचं दूध, ऊब, कोरडं कापड, झोपायला सपाट जागा आणि उचलणाऱ्यांचे स्वच्छ हात एवढ्यावर त्याचं भागतं. बाकीचं बरंचसं आपल्या हौसेसाठी असतं. हौस जरूर करावी, पण घरात जागा किती आणि ऋतू कोणता हे आधी पाहावं. खालचे प्रश्न पहिलटकरणींचे आहेत, त्यांच्या नवऱ्यांचे आहेत आणि काही आज्यांचेही.

एका दमात सांगा, घेऊ काय काय?

लंगोट २४ ते ३०, पुढून बांधायची सुती झबली ८-१०, गुंडाळायला मलमलची मोठी दुपटी ५-६, खाली घालायला जुन्या साडीची तेवढीच, टोपडी २-३, पायमोज्यांचे २-३ जोड, मेणकापड किंवा ड्राय शीट २, मऊ पंचे ३-४, पातळ गोधड्या २, छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, डिजिटल थर्मामीटर, छोटी नेलकटर, बाळाचा सौम्य साबण आणि साधं खोबरेल तेल. रात्रीसाठी आणि बाहेर जाण्यासाठी नवजात मापाच्या डायपरचं एक छोटं पाकीट. पावसाळ्यात जन्म असेल तर लंगोट आणि दुपटी दीडपट धरा. पहिल्या महिन्यासाठी एवढं पुरतं.

आमच्याकडे बाळ जन्माला येईपर्यंत घरात काही आणत नाहीत. मग तयारी करायची कधी?

हा रिवाज अनेक घरांत आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होतं, पण झबल्याचं नाव काढलेलं सासूबाईंना चालत नाही. त्यावरून वाद घालू नका, कारण मुंबईत हा रिवाज पाळणं फारसं अवघड नाही. नवं काही न आणता जुन्या सुती साड्या काढा, मऊ पडलेल्या निवडा, फाडून कडा शिवून घ्या आणि धुऊन ठेवा. घरातलंच कापड असल्याने त्याला कोणाची हरकत नसते, आणि नवजात कातडीला नव्या कापडापेक्षा तेच मानवतं. उरलेली यादी एका कागदावर लिहून नवऱ्याकडे किंवा बहिणीकडे द्या. बाळ झालं की दोन तासांत सगळं घरपोच येतं. फक्त विकत आणलेला प्रत्येक कपडा अंगावर घालण्याआधी एकदा धुतलाच पाहिजे, त्यामुळे पहिल्या दिवसाचे तीन-चार जोड कोणीतरी आधीच धुऊन ठेवावेत, हवं तर मावशीच्या घरी.

हॉस्पिटलच्या बॅगेत काय भरू?

आधी हॉस्पिटलला विचारा. काही ठिकाणी बाळाचे कपडे आणि डायपर तिथूनच मिळतात, काही ठिकाणी कापसाचा बोळासुद्धा बाहेरून आणायला सांगतात. ३६ वा आठवडा लागला की बॅग दाराशी हवी.

कागदांची फाइल सर्वांत वर ठेवा: तपासण्यांचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, आधार कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, आणि गडबडीत अशी गोष्ट कोणीतरी आठवून द्यावी लागते. आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, मोठे मॅटर्निटी पॅड, सैल सुती आतले कपडे, चपला, एसीच्या खोलीसाठी शाल. बाळासाठी तीन झबली, चार दुपटी, टोपडं, मोजे. मोबाइलचा चार्जर लांब वायरचा घ्या, पॉइंट नेहमी पलंगापासून दूर असतो.

तारीख जुलैतली आहे. पाणी तुंबलं तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही ठिकाणं दर पावसाळ्यात बातमीत असतात. घरून हॉस्पिटलला जायचे दोन रस्ते आधीच ठरवा, त्यातला एक सबवेतून न जाणारा. मोठ्या भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात, त्यावर लक्ष ठेवा. नाव दुसरीकडे घातलेलं असलं तरी घराजवळचं प्रसूतिगृह कोणतं हे माहीत हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि नोंदणी केलेलं हॉस्पिटल दोन तासांच्या अंतरावर असेल तर शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहण्यात काही कमीपणा नाही.

लंगोट की डायपर?

आज्या लंगोटाच्या बाजूने बोलतात, आया डायपरच्या. दोघींचंही म्हणणं खरं आहे, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी.

पहिल्या आठवड्यात दिवसा लंगोटच बरा, आणि त्याचं कारण पैसे वाचवण्याचं नाही. बाळाला दूध पुरतंय का हे पहिल्या दिवसांत लघवीवरून कळतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी व्हायला हवी. लंगोट ओला झाला की दिसतो आणि मोजता येतो. डायपर तीन वेळची लघवी पोटात घेऊन कोरडा दिसतो, आणि नवख्या आईला वाटतं की काही झालंच नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी, डांबरासारखी चिकट असते. ती लंगोटावरून निघता निघत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी टाकून देता येतील असे जुने कपडे वापरा किंवा सरळ डायपर बांधा.

रात्री डायपर वापरायला हरकत नाही. बाळंतिणीची सलग दोन तासांची झोप ही चैन नव्हे. दर तीन-चार तासांनी बदलावा, शी झाली तर लगेच. दर वेळी ओल्या कापसाने पुसून, हवेवर कोरडं करून मगच नवा बांधा. मुंबईच्या दमट हवेत डायपरखाली लाल पुरळ येतं ते बहुधा ओल कोंडल्यामुळेच. पावडर थोपू नका. तिचे कण बाळाच्या श्वासात जातात आणि कातडीच्या घडीत तिचा चिखल होतो. पुरळ आलं तर झिंक ऑक्साइडचं मलम लावा आणि दिवसातून दोनदा काही वेळ बाळाला तसंच उघडं ठेवा.

डायपरची मोठी पाकिटं आधीपासून साठवू नका. नवजात माप साधारण पाच किलोपर्यंतच चालतं आणि सुदृढ बाळ दीड-दोन महिन्यांत ते ओलांडतं.

पावसाळ्यात लंगोट वाळतच नाहीत. काय करायचं?

खरा मुंबईचा प्रश्न हाच. ऑगस्टमध्ये हवेत एवढी ओल असते की रात्री घातलेलं दुपटं सकाळी हाताला गारच लागतं, आणि अर्धवट वाळलेल्या कापडाला कुबट वास येतो. तो वास बुरशीचा आणि जंतूंचा असतो.

पहिली गोष्ट, पातळ कापड निवडा. एकेरी मलमल पंख्याखाली काही तासांत वाळतं, तेच चार पदरी जाड लंगोट दोन दिवस घेतो. जाड लागलंच तर आत वेगळी घडी घालायची, म्हणजे दोन्ही सुटी सुटी वाळतात. दुसरी, मशीन असेल तर शेवटी फिरवून पाणी पूर्ण काढा. नसेल तर पिळून कोरड्या पंच्यात गुंडाळून एकदा दाबा. तिसरी, छताला दोऱ्यांनी ओढून घेता येणारा कपड्यांचा स्टँड बसवा. जमिनीवरची जागा जात नाही आणि पंख्याची हवा थेट लागते. चौथी गोष्ट इस्त्री. जवळजवळ वाळलेल्या लंगोटावर कडक इस्त्री फिरवली की उरलेली ओल निघून जाते. बाळ झोपतं त्याच बंद खोलीत ओल्या कपड्यांच्या ओळी लावू नका, भिंतींना बुरशी धरते.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर धुण्याची वेळही त्यावरच ठरते. अशा घरी झाकणाच्या दोन बादल्या ठेवा: एक लघवीच्या कपड्यांची, दुसरी शीच्या. शी आधी धुऊन टाकून मगच भिजवा. साधा सौम्य साबण किंवा रिठा पुरतो. जंतुनाशकाचा वास येईपर्यंत कपडे बुचकळायची गरज नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणं जास्त महत्त्वाचं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य नको, त्याने लंगोट पाणी शोषत नाही.

मोठ्या भावंडांचे कपडे ट्रंकेत आहेत. ते वापरू का?

जरूर वापरा, पण ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का ते आधी पाहा. ही बाब फार कमी घरांत माहीत असते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन कपड्यांतून आणि वासातून शरीरात गेलं की अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे का हे तपासणी झाल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे तो वास येणारं दुपटं, गोधडी, स्वेटर नवजात बाळाजवळ आणू नये. पुन्हा पुन्हा धुऊन, कडक उन्हं दाखवूनही वास राहिला तर ते कापड बाजूला ठेवा, मग ते पणजीच्या हातचं का असेना. नवे कपडे ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

जुन्या कपड्यांच्या गुंड्या, सुटलेले धागे, गळ्याजवळच्या नाड्या तपासा. मोज्यांच्या आतला सुटा दोरा बाळाच्या बोटाला करकचून बसू शकतो.

खरेदी कुठून करावी?

मलमल मीटरवर घेऊन शिवून घ्यायचं असेल तर मंगलदास मार्केट. तयार झबली-टोपडी, कुंच्या आणि बारशाचं सगळं हवं तर दादरला रानडे रोडच्या आसपास. क्रॉफर्ड मार्केटला भाव कमी पडतो, पण नवव्या महिन्यात त्या गर्दीत स्वतः जाऊ नका, नवऱ्याला यादी देऊन पाठवा. उपनगरांत स्टेशनबाहेरच्या छोट्या दुकानांतही रोजच्या वापराचं सगळं मिळतं. मॉलमधली बाळाची दुकानं भेटवस्तूंसाठी ठीक, लंगोटांसाठी नव्हेत.

पाळणा, झोळी की लाकडी कॉट? आणि मोहरीची उशी?

कॉट जागा खाते, पाळणा भाड्यानेही मिळतो, आणि छताच्या हुकाला साडीची झोळी बांधली की कोपऱ्यातही भागतं. म्हणून चाळींत अजून झोळ्याच दिसतात. कोणी समोर बसलेलं असताना, जागं बाळ थोडा वेळ झोळीत रमलं तर हरकत नाही. रात्रभराच्या झोपेसाठी मात्र नको. झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि इवलीशी श्वासनलिका वाकते.

झोपेचा नियम सोपा आहे: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, तोंडाजवळ सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी नकोत. बाळ त्याच खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या छोट्या गादीवर. सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन झोपून जाणं सर्वांत धोक्याचं.

मोहरीची उशी डोकं गोल होण्यासाठी ठेवतात. नवजात बाळाला कोणतीच उशी नको, ही धरून. डोकं एका बाजूने चपटं वाटत असेल तर झोपवताना त्याचं तोंड आज या कुशीला, उद्या त्या कुशीला वळवा आणि जागं असताना, तुम्ही समोर असताना, काही मिनिटं पालथं ठेवा. आजीला उशी शिवायचीच असेल तर बाळंतिणीच्या कमरेसाठी शिवू द्या, दूध पाजताना फार उपयोगी पडते.

एसी लावला तर बाळाला सर्दी होईल का?

थंड हवेने सर्दी होत नाही, ती माणसांकडून येते. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाळाला टोपडं, मोजे, झबलं आणि दोन दुपट्यांत बांधून ठेवलं तर घामोळं नक्की येतं, आणि अति गरम होणंही धोक्याचंच. एसी २६-२७ वर, झोत अंगावर नको, जाळी धुतलेली. पंखा चालतो. तुम्ही घातलंय त्यापेक्षा एक पदर जास्त, एवढंच माप. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, पोटाला किंवा मानेमागे हात लावून पाहा.

डासांसाठी काय लावू?

मच्छरदाणी. अगरबत्ती, कॉइल, लिक्विड यांचा धूर किंवा वाफ बंद खोलीत नवजात बाळाला नको, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला डास पळवणारं क्रीमही लावू नये. खिडक्यांना जाळी बसवायची असेल तर सातव्या महिन्यात बसवून घ्या, नंतर ड्रिलचा आवाज कोणालाच सहन होणार नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि एसीचं साचलेलं पाणी दर आठवड्याला ओता, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

दुधाची बाटली, स्टरिलायझर, पंप?

सुरुवातीला यातलं काहीही नको. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यावं, पहिला पिवळसर चीक पाजावा, आणि सहा महिने फक्त आईचं दूध. पाण्याचा थेंबही नको, मे महिन्यातसुद्धा. बाटली आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘बाटली घेऊन ठेवाच’ असं दुकानदार आग्रहाने सांगू लागला तर कान बंद करा.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच तर वाटी-चमचा किंवा आजीचं चांदीचं बोंडलं वापरा. ते उकळून स्वच्छ करणं सोपं असतं, बाटलीच्या बुचात मात्र दूध साचून राहतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल आणि आईला दूध उतरायला वेळ लागत असेल तर दूधपेढीबद्दल डॉक्टरांना विचारा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या सायन हॉस्पिटलमध्येच सुरू झाली.

पंप कामावर रुजू होण्याच्या सुमारास घ्या. २६ आठवड्यांची रजा मिळत असेल तर पहिल्या महिन्यात तो कपाटात धूळ खात पडतो. काढलेलं दूध आपल्या हवेत बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये, आणि दारात नाही तर आतल्या बाजूला. तिथे ते चार दिवस टिकतं. गरम करायला कोमट पाण्यात भांडं ठेवा, मायक्रोवेव्ह नको.

गुटी, मध, काजळ, ग्राइप वॉटर यांपैकी काय आणू?

काहीच नाही. हे वाचून घरात थोडं वातावरण तापेल, म्हणून कारणंही सांगते. मधातून क्वचित येणारे जंतू एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात, म्हणून पहिल्या दिवशी जिभेला मध चाटवणंही टाळावं. काजळात शिसं असू शकतं आणि बोटाने घातलेलं काजळ डोळ्यात जंतूही नेतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, तिथून ती तोंडात जाणार नाही. गुटीसाठी सहाणेवर मुरडशेंग, हळकुंड, वेखंड उगाळताना आजीचं प्रेम खरं असतं, पण उगाळण्याच्या पाण्यातून जंतू जातात आणि सहा महिने बाळाला दुधाखेरीज कशाचीच गरज नसते. आजीला सरळ सांगावं की डॉक्टरांनी मनाई केली आहे. वाईटपणा डॉक्टरांना घेऊ द्या.

एक गोष्ट मात्र रोज द्यायची असते: व्हिटॅमिन डीचे थेंब, दिवसाला ४०० युनिट. कोणत्या ब्रँडचं किती मिलिलिटर हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण वेगवेगळ्या बाटल्यांत त्याचं प्रमाण वेगळं असतं.

मालिशवाली बाई लावावी का?

चांगली मिळाली तर बाळापेक्षा बाळंतिणीला जास्त आराम. तिला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा: नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले, ताप-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी. तेल खोबरेल चालेल, मोहरीचं नको, ते नाजूक कातडीला चरचरतं. नाकाकानात तेल नाही, छाती पिळणं नाही, डाळीच्या पिठाने लव घासून काढणं नाही. उलटं धरून झटकणं तर मुळीच नाही. जन्मानंतर निदान २४ तास आंघोळ नको. नाळ पडेपर्यंत ती कोरडी ठेवायची, तिच्यावर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. ती एक ते तीन आठवड्यांत आपोआप पडते.

आंघोळीसाठी टब घेतलाच पाहिजे असं नाही. पाटावर बसून लांब पायांवर बाळ घेण्याची आपली पद्धत छोट्या बाथरूममध्ये उत्तम जमते. बादलीत आधी थंड पाणी, मग गिझरचं गरम, आणि कोपर बुडवून पाहणं.

शेकशेगडी आणि धुरीची सोय करू का?

नको. ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास घराला छान येतो, पण दारं-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये धूर बाळाच्या फुप्फुसांत जातो आणि पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू निघतो. बाळंतशेपा मुखवासाला ठेवा.

बाळंतिणीसाठी काय हवं?

याद्यांमध्ये हीच बाजू नेहमी राहून जाते. हाताशी पाण्याची बाटली, कारण पाजायला बसलं की तहान लागते. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, पण दिवसाला किती हे भूक पाहून, आग्रहाने नव्हे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालूच. सिझेरियन झालं असेल तर कमोडची सोय आणि कमरेच्या उंचीवर बाळाचे कपडे बदलायची जागा, म्हणजे वाकावं लागत नाही. भेटायला येणाऱ्यांना थोपवणारा एक खंबीर माणूसही हवा. दोन आठवड्यांनंतरही सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल तर ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांशी बोला.

बाबांनी काय करायचं?

धुणं, पाण्याची बाटली भरणं, रात्रीचे लंगोट बदलणं आणि कागदपत्रं. सिगारेट ओढत असतील तर ती बंद. बाल्कनीत जाऊन ओढली तरी वास शर्टावर येतो.

कागदपत्रं म्हणजे नक्की काय?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि हॉस्पिटलमध्ये जन्म झाला असेल तर माहिती तेच महापालिकेला कळवतात. हॉस्पिटल सोडण्यापूर्वी फॉर्मवरची आई-वडिलांची नावं अक्षर न अक्षर तपासा. पुढची दुरुस्ती वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालायला लावते. बारसं व्हायचं असेल तर बाळाचं नाव नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, पासपोर्ट, मतदार यादी अशा अनेक ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लागतं.

लसीकरणाचं कार्ड याच फाइलमध्ये. बीसीजी, पोलिओचा डोस आणि हेपटायटिस बी जन्मताच, पुढचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात या लसी मोफत मिळतात.

औषधाच्या डब्यात काय ठेवू?

थर्मामीटर, नाक मोकळं करायचे सलाइनचे थेंब, डॉक्टरांचा नंबर. आपल्या मनाने द्यायचं औषध एकही नाही. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस ठीक असतं. ते ३८ किंवा वर गेलं, अंग गार पडलं, बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, श्वास मिनिटाला ६० हून जास्त चालला, छातीत खड्डा पडू लागला, झटके आले किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला तर सकाळची वाट पाहू नका. कावीळ कोवळ्या उन्हाने जाईल म्हणून खिडकीत धरून बसण्यातही वेळ जातो.

बाबागाडी घ्यावी का?

मुंबईच्या फुटपाथवर ती ढकलून दाखवा, मग घ्या. लोकलमध्ये ती अडचण, लिफ्ट नसेल तर जिन्यात ओझं. मान धरू लागेपर्यंत हातात घेणं बरं, पुढे बाळाला अंगाशी बांधायचं चांगलं कॅरियर पुरतं. त्यात बाळाचे गुडघे कमरेच्या वर आणि तोंड सतत दिसेल असं असावं. स्वतःची गाडी असेल तर मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची कार सीट घ्या. नवजात बाळाला स्कूटरवरून नेऊ नका, लसीकरण केंद्र दोन चौकांवर असलं तरी.

बाळंतपण माहेरी, कोकणात. सामान दोन्हीकडे करू का?

नको. लंगोट-दुपटी माहेरी असतातच, तिथे वाळवायला अंगणही असतं. मुंबईहून फाइल, डायपरचं एक पाकीट आणि थर्मामीटर न्या. परतीच्या प्रवासाचं तिकीट घेण्याआधी सहाव्या आठवड्याची लस कुठे घ्यायची ते ठरवा.

बारशाला लोक काय आणू विचारतात. काय सांगू?

लाजू नका, सांगा. नाहीतर शून्य ते तीन महिन्यांच्या मापाचे डझनभर जरीचे फ्रॉक येतात आणि एकदा घालून लहान होतात. सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे सुती कपडे, किंवा चौघांनी मिळून मालिशवालीचा महिन्याचा पगार, किंवा आठवडाभर रोज एकेकाचा जेवणाचा डबा. मामाकडून येणारा बाळंतविडा येऊ द्या, त्यात हौसच असायची. वाळे-मनगट्या बारशापुरत्या घालून फोटो झाला की काढा, मणी सुटला तर तो थेट तोंडात जातो. गळ्यात दोरा कोणताही नको.

डायपरचा कचरा कुठे टाकायचा?

शी संडासात टाकून, डायपर गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायचा, वर्तमानपत्रात बांधायचा आणि पुडीवर लाल खूण करून ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा. कचरा उचलणाऱ्याला ती पुडी उघडून पाहावी लागू नये, एवढ्यासाठी ही खूण. संडासातून फ्लश केला तर खालच्या मजल्यावरचे शेजारी बारशाला यायचे नाहीत.